एकशे सतरा नंबरची नळी

छोटी उंचीने ताईपेक्षा वीतभर जास्त, वयाने बेचाळीस आणि पेशाने गाडी शिकवणारी. तरी तिला छोटी म्हणायचं कुणी सोडलं नव्हतं. तिच्याकडे शिकायला येणारे लोक तिला मॅडम म्हणत आणि टरकून असत. ताईच्या घरी आली की मात्र ती परत छोटी होई. त्या रविवारी ती ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि शाळेला दांडी मारायची परवानगी मागावी तसं म्हणाली, "एप्रिलच्या स्कॅनला मी नाही गेले तर चालेल का गं?"

ताई भांडी विसळत होती. "नाही चालणार."

"ऐकून तर घे."

"ऐकलं. नाही चालणार."

दोन वर्षांपूर्वी छोटीच्या मानेतली गाठ काढली होती. गाठ कॅन्सरची होती आणि हॉस्पिटल ताईचंच. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ताई तेवीस वर्षं काम करत होती. तिथेही सगळे तिला ताईच म्हणत. मोठे डॉक्टर तेव्हा याच गाठीच्या रुग्णांवर एक अभ्यास चालवत होते. निम्म्या लोकांचं फक्त ऑपरेशन करायचं, निम्म्यांना ऑपरेशननंतर रेडिएशनही द्यायचं आणि पाच वर्षं बघायचं, कोण बरं राहतं. शिवाय दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं रक्त घेऊन गोठवून ठेवायचं. गाठ परत येत असेल तर रक्तातला एक नवा मार्कर, म्हणजे गाठीतून सुटणारा पदार्थ, स्कॅनच्या आधीच वाढलेला दिसतो का, आणि असं आधी कळून रुग्णाचं काही भलं होतं का, हे त्या रक्तावरून ठरणार होतं.

फॉर्म पुढे ठेवला तेव्हा छोटीने ताईकडे बघितलं होतं. ताई म्हणाली होती, "कर सही. तुझं काय जातंय?" छोटीने सही केली आणि चिठ्ठीत रेडिएशन निघालं.

रेडिएशनचे तीस दिवस छोटीने काढले, पण ते तिच्या अंगातून गेले नाहीत. मान जराही हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाची एक कडक जाळी बनवली होती. ती रोज तोंडावर बसवत आणि तिच्या कडा टेबलाला पक्क्या करत. मग सगळे बाहेर जात आणि दार लागे. दुसऱ्यांच्या चुकांवर दिवसभर ब्रेक मारणारी बाई तिथे स्वतःचं नाकसुद्धा खाजवू शकत नव्हती. स्कॅनमध्ये जाळी नसते, हे तिला कळत होतं. तिच्या घशाला कळत नव्हतं. ऑक्टोबरच्या स्कॅनला ती टेबलावर आडवी झाली आणि तिला श्वास घेता येईना. दोनदा बाहेर काढून पाणी पाजावं लागलं. स्कॅन स्वच्छ निघाला, पण त्या दिवसापासून तिने मनातून स्कॅनवरच काट मारली होती.

"माझं रक्त तुझ्याकडेच पडलंय ना?" छोटी म्हणाली. तिचा आवाज ऑपरेशनपासून घोगरा झाला होता आणि विनवणी करताना तर अगदीच बसे. "तू एकदा बघ. आकडा वाईट असेल तर मी जाते. रांगत जाते. चांगला असेल तर मला या वेळेपुरतं सोड."

"ते असं बघायचं नसतं. वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, सगळ्यांचं एकदम लावतात. आणि कुणाला सांगत नाहीत. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा नाही, अभ्यास संपेपर्यंत. फक्त मोठे डॉक्टर बघतात."

"मग मला कशाला सांगतेस? तू बघ, आणि मला नुसतं म्हण, जा किंवा नको जाऊ."

आई गेली तेव्हा छोटी सहा वर्षांची होती आणि ताई पंधराची. तेव्हापासून छोटीने हट्ट करायचा आणि ताईने आधी नाही म्हणून मग तो पुरवायचा, हे दोघींना इतकं सवयीचं झालं होतं की त्यात आता हट्टही उरला नव्हता. ताईने हात पुसले आणि चहा टाकला. छोटीला उत्तर मिळालं.

नळ्यांवर नावं नसत, नुसते नंबर. बहिणीची नळी तुम्ही हाताळायची नाही, दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंनी हाताळायची, असं मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ताईने मान डोलावली होती. पण रक्त काढताना छोटीचा हात धरून तीच उभी असायची, आणि नळीवरचा नंबर वाचायचा नाही म्हणून काही डोळे मिटून घेता येत नाहीत. एकशे सतरा. तिला तो स्वतःच्या घराच्या नंबरासारखा पाठ होता.

त्याच आठवड्यात मार्कर मोजायचं नवं किट आलं. नवं किट आलं की आकडे आधीच माहीत असलेले नमुने लावून एक प्लेट चालवून बघायची, असा रिवाज होता. प्लेटवर शहाण्णव खळगे असतात. ताईने मांडणी केली तेव्हा पंच्याण्णव भरले आणि कोपऱ्यातला एक रिकामा राहिला. आता शहाण्या माणसाने तो रिकामाच राहू द्यावा. ताई शहाणी होती, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

दुसऱ्या तंत्रज्ञ बाई जेवायला गेल्या होत्या. ताईने जाड हातमोजे चढवले, उणे ऐंशीचा फ्रीझर उघडला आणि मार्चच्या रॅकमधून एकशे सतराची नळी काढली. प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या ठेवलेल्या असत, त्यामुळे एक उणी झाली तरी तपासणी अडणार नव्हती. अभ्यासाचा नियम होता की प्रत्येक नमुना दोन खळग्यांत लावायचा, एकदा आहे तसा आणि एकदा हजारपट पातळ करून. खळगा एकच होता. तिने तो आहे तसा लावला.

तीन तासांनी यंत्राने कागद बाहेर टाकला. दहाच्या आत असलं की ठीक. कोपऱ्यातल्या खळग्याचा आकडा होता सहा.

ताईने कागद दोनदा वाचला. मग खुर्चीत बसली, आणि पाच मिनिटं तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना. समोर कुणी नव्हतं म्हणून तिने यंत्राच्या झाकणावर थाप मारली. संध्याकाळी छोटीला फोन करून ती एवढंच म्हणाली, "राहू दे या वेळी." पलीकडे छोटी नुसती घोगरी हसत राहिली.

स्कॅनसाठी हॉस्पिटलमधून छोटीला तीन फोन गेले. पहिल्या वेळी तिच्या शिकाऊ लोकांची परीक्षा होती, दुसऱ्या वेळी गाडी गॅरेजमध्ये होती, तिसरा फोन तिने उचलला नाही. तीन फोन झाले की पुढे कुणी मागे लागत नाही. एप्रिलच्या चौकटीत 'आली नाही' असं लिहिलं गेलं.

त्यानंतरचे चार महिने छोटी मजेत होती. केस परत वाढवले आणि मानेवरचा व्रण झाकायचा रुमाल सोडून दिला. एका निवृत्त न्यायाधीशाला तिने गाडी मागे घ्यायला शिकवलं आणि ते साहेब कसे प्रत्येक खांबाची माफी मागत होते त्याची नक्कल ती जेवताना करून दाखवायची. तिचा नवरा हसून हसून पाणी प्यायला उठायचा. जूनमध्ये तिची पाठ धरली. दिवसभर गाडीत बसून पाठ धरणार नाही तर काय होणार, असं सगळ्यांनीच म्हटलं, आणि ताईने सगळ्यांत आधी म्हटलं. तिने मापाची उशी शोधून आणली. छोटी ती उशी पाठीमागे घालून रोज आठ तास शिकवत राहिली.

ऑगस्टमध्ये वर्षभराच्या नळ्या बाहेर निघाल्या. दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंनी पातळ करायचं काम घेतलं, ताई यंत्रावर बसली. चौथ्या प्लेटमध्ये एकशे सतराच्या चारही नळ्या होत्या. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, जून.

मार्चच्या नळीचा आहे तसा लावलेला आकडा पुन्हा सहाच आला. जूनचा तर चार. त्याच्या शेजारच्या रकान्यात, पातळ केलेल्या खळग्यावरून काढलेला मार्चचा आकडा होता बावीस हजार आणि जूनचा एक्केचाळीस हजार.

हे असं का होतं, ते ताईने तेवीस वर्षांत लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. तपासणीला दोन हात असतात असं समजा, ती सांगायची. एक हात खळग्याच्या तळाला चिकटवलेला, दुसरा रंग घेऊन वरून येणारा. मार्करच्या एकाच कणाला दोन्ही हातांनी धरलं तरच रंग टिकतो. पण कण बेसुमार झाले की तळाचा हात एकाला धरतो, रंगाचा हात भलत्यालाच, आणि धुताना रंग वाहून जातो. खळगा फिका दिसतो. रक्तात मार्कर अगदी थोडा असला तरी फिका, आणि अफाट असला तरी फिकाच. म्हणून एका खळग्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. हे सांगताना ती नव्या माणसाच्या वहीत स्वतःच्या हाताने चित्र काढून द्यायची.

मार्चमध्ये तिला हे माहीत होतं. विसरली असती तर निदान विसरली म्हणता आलं असतं. सहा हा आकडा दिसला आणि तिने पुढचा विचारच केला नाही, कारण पुढे बघायची तिची इच्छा नव्हती.

ताईने मार्चचा नमुना पुन्हा लावला, या वेळी शंभरपट, हजारपट, दहा हजारपट पातळ करून. आकडे जुळले. ते जुळणारच होते, तरी तिने नीट रांगेत लिहिले, तारीख घातली आणि सही केली. तिला रडू आलं नाही. दुसऱ्या बाईंनी विचारलं, "ताई, चहा?" ती "हो" म्हणाली आणि चहा गरम होता की गार, ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

मोठे डॉक्टर कागद बघून आधी खूष झाले. त्यांची चूक नव्हती, त्यांना नंबर म्हणजे नंबर होता.

"सप्टेंबरला नऊशे. डिसेंबरला सहा हजार," ते बोट फिरवत म्हणाले. "आणि ऑक्टोबरचा स्कॅन स्वच्छ. ताई, हेच हवं होतं आपल्याला. स्कॅनच्या आधी दिसतंय." मग त्यांनी बोट पुढे नेलं. "एप्रिलचा स्कॅन कुठाय?"

"आली नाही."

"का?"

"मी नको जाऊ म्हटलं म्हणून," ताई म्हणाली. मग तिने सगळं क्रमाने सांगितलं. रिकामा खळगा, मार्चची नळी, सहा, फोन. मध्ये एकदाही अडखळली नाही. आपलाच आवाज ती जरा लांबून ऐकत होती, आणि तो आवाज तिला बरा वाटला, स्पष्ट.

डॉक्टरांनी कागदावरचा नंबर पुन्हा वाचला. "एकशे सतरा म्हणजे तुमची बहीण."

"हो."

"उद्या सकाळी तिला घेऊन या. मी स्कॅनवाल्यांशी बोलतो." त्यांनी कागद उलटा ठेवला. "मला अभ्यासाच्या देखरेख समितीला कळवावं लागेल. या अभ्यासाचं काम तुम्ही आजपासून थांबवा. आणि तिला मार्करच्या अभ्यासातून वगळावं लागेल. आपण सांगितलेल्या आकड्यामुळेच ती स्कॅनला आली नाही. असा रुग्ण धरला तर बाकी सगळ्यांचं उत्तर बिघडतं."

"हो. बरोबर आहे," ताई म्हणाली. तिला ते खरंच बरोबर वाटलं.

पाच वाजता ती छोटी गाडी शिकवायची त्या मैदानावर गेली. छोटीने शेवटच्या शिकाऊ बाईला सोडलं होतं आणि ती गाडीत पाठीला उशी लावून डोळे मिटून बसली होती. ताई शेजारच्या सीटवर बसली.

"मार्चचा आकडा चुकीचा होता," ती म्हणाली. "मी चुकीचा लावला. वाढलेला आहे. उद्या सकाळी स्कॅन आहे."

छोटीने डोळे उघडले. समोर मैदानावर आखलेले पांढरे पट्टे होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "किती वाढलाय?"

"खूप."

"बरं," छोटी म्हणाली. थोड्या वेळाने तिने गाडी सुरू केली आणि ताईला घरी सोडलं. वाटेत प्रत्येक वळणाला तिने वेळेवर हात दाखवला.

स्कॅनच्या टेबलावर छोटी या वेळी मुकाट्याने झोपली. पाणी मागितलं नाही. मणक्यात तीन ठिकाणी आणि यकृतात पसरलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. दुखणं कमी व्हावं म्हणून पाठीला दहा दिवस रेडिएशन देऊ, मग गोळ्या. छोटीच्या नवऱ्याने किती दिवस म्हणून विचारलं, तर डॉक्टर "बघू" म्हणाले आणि त्याने परत विचारलं नाही.

नऊ दिवस गेले. ताई घर झाडत होती, जेवत होती, आठ तास झोपत होती. हॉस्पिटलने चौकशी लावली होती आणि तिला घरी बसवलं होतं. बाई रडत कशी नाही, असं शेजारीण कुणाला तरी म्हणाली ते तिच्या कानावर आलं, आणि तिला शेजारणीचं म्हणणं पटलं.

दहाव्या दिवशी रेडिएशन सुरू व्हायचं होतं. नवरा गाडी लावायला गेला होता. दोघी बहिणी तळमजल्यावरच्या बाकावर बसल्या होत्या. समोर जाड दार, त्यावर लाल दिवा. आत कुणीतरी होतं.

"या वेळी जाळी नाही," ताई म्हणाली. "पाठीवर आहे ना, पालथं झोपायचं."

"सांगितलं त्यांनी." छोटी दिव्याकडे बघत होती. "एक विचारू?"

"विचार."

"एप्रिलमध्ये गेले असते तर?"

ताईने या प्रश्नाची वाट बघितली होती. तिच्याकडे दोन उत्तरं तयार होती. तर तू वाचली असतीस, हे एक, आणि काही फरक पडला नसता, हे दुसरं. एकाने ती स्वतः मेली असती आणि दुसऱ्याने सुटली असती. दोन्ही खोटी होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"तुला माहीत नाही, की कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. आधी कळून काही फायदा होतो का, तेच तर शोधतायत. त्यासाठीच सगळ्यांचं रक्त ठेवलंय."

छोटीने मान हलवली, शिकाऊ माणसाने पहिल्यांदा गाडी नीट लावली की हलवायची तशी. "मग बरं झालं सही केली ते. माझ्यावरून कळेल त्यांना. मी ऑक्टोबरला स्वच्छ होते आणि रक्तात आधीच दिसत होतं, हो ना? पुढे एखादी असंच विचारेल तेव्हा तिला कुणीतरी धड सांगेल." ती पहिल्यांदाच जरा हसली. "तेवढ्यासाठी तरी उपयोगी पडले म्हणायचं."

आपल्याला अभ्यासातून वगळलंय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. अभ्यास संपायला तीन वर्षं होती, आणि तीन वर्षांनी विचारायला छोटी असेलच असं नव्हतं. ताई गप्प बसली असती तर ते समाधान छोटीजवळ तसंच राहिलं असतं.

"तू नाहीस त्यात," ताई म्हणाली. "तुला काढलंय."

"म्हणजे?"

"माझ्या सांगण्यावरून तू स्कॅन चुकवलास. असा रुग्ण मार्करच्या अभ्यासात धरत नाहीत."

"पण मी दोन वर्षं रक्त दिलं."

"हो."

"सगळंच काढलं? आधीचंसुद्धा?"

"सगळं."

स्कॅनला, डॉक्टरांपुढे, गाडीत, कुठेच रडली नव्हती ती छोटी आता रडायला लागली. बसलेल्या गळ्यामुळे त्या रडण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. ताईने तिच्या पाठीकडे हात नेला, मग कुठे दुखतं ते ठाऊक नसल्यामुळे मागे घेतला.

लाल दिवा विझला. दार उघडून तंत्रज्ञाने छोटीला हाक मारली. ती बाकाचा आधार घेऊन उठली, तोंड पुसलं. ताईसुद्धा उठायला लागली.

"तू घरी जा, ताई," छोटी म्हणाली. चिडून नाही, दमून. "उद्यापासून पण नको येऊस. हे आणतील मला."

ती आत गेली आणि दार लागलं. ताई अर्धवट उठलेली तशीच परत बसली. तेव्हा कुठे तिला दुखलं, दहा दिवसांचं सगळं एकदम, आणि ते इतकं होतं की घरी जा म्हटलेलं असूनही तिला बाकावरून उठता येईना.